भिंतीवरचा दोडका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



'उन्हाळी परसबाग : आखणी आणि पूर्वतयारी' या विषयावर बोला, असे पत्र हाती पडले तेव्हा पहिल्यांदा वाटले, ते चुकून माझ्या पत्त्यावर आले असावे. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. शेतीचा आणि माझा संबंध घराच्या मागच्या दारापुरता. अम्माला ही बातमी सांगितली, तर ती म्हणाली, "लोगां कू झूट नको बोल. तेरे हाथ से आज तक पुदिना बी नै जिया, वो बी बोल." तेव्हा ते आधीच सांगून टाकतो. माझ्या हाताने पुदिना जगत नाही. बाकीचे जे थोडेफार जगते ते कसे जगते, एवढेच सांगण्याचा माझा अधिकार.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे घर आहे. घरामागे परस, वीस फूट लांब आणि तेरा-चौदा फूट रुंद, म्हणजे जेमतेम पाव गुंठा. दक्षिणेला आमचेच घर, पश्चिमेला शेजाऱ्यांची भिंत, उत्तरेला बोळ, पूर्वेला न्हाणी आणि शेवग्याचे एक झाड.

पावसाळ्यात परसबाग कोणालाही करता येते. आपण आडवे आलो नाही म्हणजे झाले. खरी कसोटी चैत्र-वैशाखातली, आणि चैत्रातल्या भाजीचा विचार माघातच करावा लागतो. आमच्याकडे मार्च सरत आला की पारा चाळिशीकडे सरकतो. तोवर वेलांची मुळे खोल गेलेली नसतील तर पुढे कितीही पाणी घाला, पाने भरदुपारी माना टाकतात आणि फुले गळतात. बरे, घाई करून थंडीतच बी टाकावे, तर गार मातीत ते नुसते बसून राहते, कधी कुजते. दोडका, काकडी, दुधी, कारले, भेंडी, गवार या सगळ्यांना पहाटेचा गारठा मोडल्यावर आणि ऊन तापण्याआधी असे तीन-चार आठवडेच मिळतात. ते आठवडे सध्या चालू आहेत.

आमच्या घरात या हिशोबाला आणखी एक पंचांग जोडावे लागते. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचे, ३५४-३५५ दिवसांचे. मराठी महिनेही चंद्राचेच. पण आपल्याकडे दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून चंद्राची सूर्याशी गाठ घालून देतात. यंदा, २०२६ साली, अधिक ज्येष्ठ आहे. हिजरीत तशी सोय नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. यंदा तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो, म्हणजे अख्खा फाल्गुन रमजानचा. १९ मार्चला पाडवा आणि त्याच्या मागोमाग, चंद्र दिसेल त्याप्रमाणे, ईद. बरोबर ३३ वर्षांपूर्वी, १९९३ साली, हाच मेळ आला होता. अम्माने तिच्या आयुष्यातली सर्वांत काटेकोर परसबाग त्या वर्षी आखली. माझे आजचे सगळे ज्ञान तिथून आलेले आहे.

आखणीची सुरुवात कागदावर करू नये. मी तशी केली होती. त्या वेळी मी बावीस वर्षांचा, नुकताच पदवीधर आणि बेकार. रंगीत पेन्सिलींनी परसाचा नकाशा काढला, वाफ्यांना क्रमांक दिले. अम्मा म्हणाली, "काइकु कागज खराब करता रे? पैले धूप देख." आज अम्मा ८२ वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी गेली, त्याला चार वर्षे होतील. तरीही ऊन तीच बघते. गेल्या आठवड्यात मी रोज सकाळी तिची बाज परसात वेगळ्या जागी नेऊन टाकली. ती पाय पसरून बसते आणि सांगते, "पांव पो आई." मग अर्ध्या तासाने, "घुटनों पो." दुपारी सांगते, "गई." मी घड्याळ बघून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वेळ टिपून ठेवतो. सहा दिवसांत सहा जागा झाल्या. फळभाजीला दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. पालेभाजी तीन-चार तासांवरही भागवते. हा हिशोब ज्याचा त्याने आपल्या अंगणात, गच्चीत किंवा सज्जात करावा. बाज नसेल तर खुर्ची चालेल, आणि म्हातारे माणूस नसेल तर स्वतः बसावे.

यात एक फसगत आहे, तीही सांगतो. फेब्रुवारीतला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आमच्या घराची मागची भिंत दहा फूट उंच. आज भर दुपारी तिची सावली परसात सहा-सात फूट येते. एप्रिलच्या मध्याला तीच सावली दीड फूट उरते आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आमच्या भागात सूर्य नेमका डोक्यावर येऊन ती नाहीशीच होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तेव्हा आज गार सावली आहे म्हणून जिथे पालक टाकाल, तिथे दोन महिन्यांनी तव्यासारखे तापणार आहे. बरीच मंडळी इथेच चुकतात आणि दोष बियाणाला देतात. अम्माला हे कोनांचे गणित ठाऊक नाही. तिचे गणित न्हाणीसमोरच्या फरशीचे आहे: माघात सावली फरशीपर्यंत, चैतात भिंतीच्या पायाशी.

दुसरे, सकाळचे ऊन मित्र आणि दुपारी तीननंतरचे पश्चिमेचे ऊन वैरी. म्हणून पश्चिमेच्या अंगाला वेल चढवायचा. तीननंतरचा मारा तो आपल्या अंगावर घेतो आणि मागचे वाफे वाचतात. आमच्याकडे पश्चिमेची भिंत शेजाऱ्यांची आणि तिच्यावर दोडका, ही १९९३ पासूनची व्यवस्था. यंदा त्या भिंतीचेच बदलले आहे. त्याकडे शेवटी येतो.

उन्हानंतर पाणी.

१९९२च्या डिसेंबरात अयोध्येत काय झाले आणि त्यापाठोपाठ जानेवारीपर्यंत मुंबईत काय झाले, ते सांगायला नको. आमच्या गावात काही झाले नाही. पण काही न होण्याचेही एक वातावरण असते. अब्बा शिंपी होते. त्या लग्नसराईत त्यांच्याकडे नेहमीचे कपडे आले नाहीत. का आले नाहीत, ते कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. संक्रांत झाल्यावर एका रात्री अम्मा म्हणाली, "इस रमजान में भाजी बाजार से नै आएंगी." पैसे नाहीत, हे कारण तिने सांगितले. मी आणि धाकटा भाऊ संध्याकाळच्या वेळी बाजारात जायला नकोत, हे दुसरे कारण तिने सांगितले नाही. ते मला बऱ्याच वर्षांनी कळले.

त्या वेळी आमच्याकडे आड होता. सामाईक आड, अर्धा आमच्या परसात आणि अर्धा शेजाऱ्यांच्या. छातीएवढी भिंत त्याच्या मधोमध गेलेली. दोन्ही बाजूंना रहाट. उन्हाळ्यात पाणी खाली जाई, तेव्हा दोन्ही घरांनी बेताने ओढायचे, असा दंडक होता. बाग करायची तर जास्तीचे पाणी लागणार आणि ते विचारल्याशिवाय कसे घ्यायचे? डिसेंबरपासून भिंतीवरून होणारे बोलणे कमी-कमी होत थांबले होते. भांडण नव्हते. भांडण असते तर मिटवता तरी आले असते.

अम्माने मला कागद घेऊन बसवले. वाफ्यांची जागा मोजली, दहा चौरस मीटर भरली. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे मला शाळेतले आठवत होते. आमच्याकडच्या उन्हात वाफ्याला दिवसाला चौरस मीटरमागे सहा लिटर तरी लागते. म्हणजे साठ लिटर. आमचा पोहरा दहा लिटरचा, म्हणजे सहा पोहरे. मग अम्माने वजाबाकी सांगितली. घरात पाच माणसे. नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचे, वुजूचे पाणी दिवसातून पाच वेळा न्हाणीतून वाहून जाते. त्यात साबण नसतो. ते दगडी पाटाने वाफ्याकडे वळवायचे. तांदूळ-डाळ धुतलेले आणि भाज्या निवळलेले पाणी वेगळ्या घागरीत साठवायचे. हे सगळे मिळून दोन पोहरे झाले. उरले चार. "चार लिख," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करून, तो कागद घेऊन ती शेजारी गेली. भिंतीवरून हाक मारून नाही. बोळाला वळसा घालून, रस्त्याने, पुढच्या दाराने. मी बरोबर होतो. काकूंनी कागद नीट वाचला आणि म्हणाल्या, "चार पोहऱ्यांसाठी पुढच्या दारानं आलात, भाभी?" अम्मा तिच्या मराठीत म्हणाली, "पाणी दोघींचं आहे, म्हणून विचारते." काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "न्या. पण पहाटे ओढा. दुपारी पाणी खाली गेलेलं असतं आणि सासूबाईंना झोपेत रहाटाचा आवाज खपत नाही." अम्मा म्हणाली, "रमजानात सहरीला उठतोच. त्याआधीही उठू." एवढेच बोलणे झाले. चहा विचारला नाही, आम्हीही थांबलो नाही. त्या दिवसापासून चार पोहरे ओढण्याचे काम माझ्याकडे आले. तीन महिने मी ते केले, आणि पाचवा पोहरा कधी ओढला नाही.

आता आड बुजवलेला आहे. नळाला चार दिवसांआड पाणी येते. पण हिशोब तोच आहे: आधी पाणी मोजायचे, त्याला सहाने भागायचे, जेवढे चौरस मीटर येतील तेवढीच बाग आखायची. जागा आहे म्हणून वाफे वाढवू नयेत. अर्धे पाणी प्यालेल्या दहा वाफ्यांपेक्षा पोटभर प्यालेले पाच बरे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते, ते मात्र रोज वाफ्यात सोडू नये. त्यात क्षार फार असतात.

मातीबद्दल थोडक्यात सांगतो. आमची जमीन काळी, चिकण. ओली असताना कुदळ मारली तर ढेकळे विटांसारखी वाळतात. वाफसा आल्यावरच खणावे. चौरस मीटरला दोन-तीन किलो पुरते कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धे कच्चे खत घातले तर हुमणी आणि वाळवी पाहुण्या येतात. पावसाळ्यात वाफा जमिनीपेक्षा उंच करतात, उन्हाळ्यात तो चार बोटे खोल असावा, म्हणजे पाणी इकडे-तिकडे जात नाही. रोपे वर आली की वर उसाचे पाचट किंवा पालापाचोळा अंथरावा. आमच्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही.

काय लावायचे, याची यादी बियाणांच्या दुकानात करू नये, स्वयंपाकघरात करावी. घरात जे शिजत नाही ते नुसते सुंदर दिसते म्हणून लावले की शेवटी शेजाऱ्यांना वाटावे लागते, आणि शेजाऱ्यांनाही ते नको असते. आमची यादी दखनीत असते आणि दुकानदाराची मराठीत. मधला दुभाषी मी. अंबाडीला आम्ही अंबाडा म्हणतो, ती मटणात घालतो. दोडक्याला तुरई. दुधीला आमच्याकडे कद्दू म्हणतात, त्याच्याशिवाय दालचा होत नाही. उत्तरेकडच्या माणसाचा कद्दू म्हणजे लाल भोपळा. आमच्या घरात सून लखनौकडची आली, तेव्हा पहिल्या दालच्याचे काय झाले असेल ते तुम्हीच ताडा. घोळ नावाची आंबूस पालेभाजी तुमच्या-आमच्या वाफ्यात न लावता येते. तिला आमच्याकडे कुल्फा म्हणतात. ती तण म्हणून उपटून फेकू नये, डाळीत घालावी.

त्या वर्षी अम्माने रमजानवर नजर ठेवून उलटे दिवस मोजले. तांबडा माठ पंचवीस-तीस दिवसांत काढायला येतो. कोथिंबिरीला पस्तीस-चाळीस दिवस. धने चपलेखाली रगडून दोन फाकी करूनच टाकायचे, अख्खे टाकले तर उगवायला रडवतात. मुळ्याला चाळीसएक. काकडी आणि भेंडीला पंचेचाळीस ते पन्नास. इफ्तारला काकडी हवी तर बी जानेवारीतच रुजले पाहिजे, आणि माती तर गार. तिने करवंट्यांमध्ये माती भरून त्यात काकडी आणि दोडक्याचे बी लावले आणि त्या करवंट्या रात्री चुलीच्या ओट्याशी, दिवसा उन्हात, अशा महिनाभर आत-बाहेर केल्या. आज बाजारात प्लॅस्टिकचे रोपांचे ट्रे मिळतात. काम तेच. वेलाची रोपे दोन-तीन पानांवर असतानाच मुळांना धक्का न लावता लावावीत. त्या वयात तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात. पहाटे पाने दवाने ओली असताना वर चुलीतली राख भुरभुरली की बराच उपयोग होतो. माठ आणि पालक सगळा एकदम पेरू नये. दर दहा दिवसांनी एक पट्टा टाकावा, म्हणजे ताटात रोज थोडे येते. भेंडी ज्यांना लावायची आहे त्यांनी 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' यांसारखे केवड्याला दाद न देणारे वाण मागून घ्यावे. पाने पिवळी करणारा हा केवडा एकदा आला की झाड उपटण्यापलीकडे इलाज नसतो. उन्हाळ्यात मेथीच्या नादी लागू नये.

आता दोडका. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले असेल कोण जाणे. दुधीचे पांढरे फूलही तिन्हीसांजेला उमलते, पण ते मला कधी रोजा सोडताना दिसले नाही. १९९३च्या मार्चमध्ये आम्ही मगरिबच्या अजानीची वाट बघत परसात बसायचो, समोर खजूर आणि पाण्याचे पेले, आणि त्याच सुमाराला भिंतीवरची पिवळी फुले एकेक उघडायची. धाकटा भाऊ म्हणायचा, यांचाही रोजा सुटला. आधी नुसती नरफुले येतात, ती गळतात. त्याने घाबरून जाऊ नये. आठ-दहा दिवसांनी मागे बारीक दोडका धरलेली मादीफुले दिसू लागतात.

वेल भिंतीवर चढला, ईद झाली, पाडवा झाला, आणि वेल पलीकडे उतरला. निम्मे दोडके आमच्या बाजूला लागले, निम्मे त्यांच्या. पाण्याचे ठरले होते. दोडक्यांचे ठरवायचे राहून गेले होते. त्यांच्या बाजूचे दोडके आम्ही तोडायला गेलो नाही, जागा त्यांची. त्यांनीही तोडले नाहीत, वेल आमचा. एप्रिलभर ते तसेच लोंबत राहिले, जून झाले, वाळून तपकिरी झाले. मे महिन्यात काकूंनी भिंतीपाशी येऊन हाक मारली. डिसेंबरनंतर भिंतीवरून आलेली ती पहिली हाक. "भाभी, हे दोडके असे किती दिवस टांगून ठेवायचे?" वाळलेले सहा निघाले. अम्माने ते बी धरण्यासाठी मागितले. काकू म्हणाल्या, "मग तीन मला ठेवा." वाळलेल्या दोडक्याच्या टोकाला झाकणासारखी चकती असते. ती उडवली आणि सुपात हलवले की काळे बी टपटप पडते. दोघींनी ते भिंतीवर सूप ठेवून वाटून घेतले.

त्याच बियांचा दोडका आम्ही आजतागायत लावतो. बी धरण्याची रीत सोपी आहे. निरोगी वेलावरचे सुरुवातीचे एक-दोन चांगले दोडके राखून ठेवायचे, वेलावरच वाळू द्यायचे, बी राखेत घोळून कोरड्या काचेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवायचे. भाजीसाठी चिरतानाही देठाकडचा कच्चा तुकडा जिभेला लावून बघावा. कडू लागला तर भाजी करू नये, पोटाला बाधते. आणि त्या वेलाचे बी तर मुळीच धरू नये. पाकिटातल्या संकरित बियांपासून धरलेले बी मूळ गुणाचे निघत नाही, म्हणून ही खटपट गावरान वाणासाठीच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना अशा गावरान बियांच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, हे आपण जाणताच. आमचे काम एका बाटलीचे.

आणि ती एक बाटलीही मला सांभाळता आली नाही. २०१५ साली पाऊस रुसला. २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा आमच्याकडेही प्यायच्या पाण्याची ओढाताण होती. दोन उन्हाळे बाग केली नाही. अम्माने बाटली माझ्या हवाली केली होती. झाकण सैल राहिले, पुढच्या पावसाळ्यात आत दमट झाले, बियांना बुरशी धरली. २०१७च्या फेब्रुवारीत बी भिजत घातले, लावले. एकही उगवले नाही. आठ दिवस मी अम्माला सांगितले नाही. ती रोज विचारायची, "निकले क्या?" मी म्हणायचो, थंडी आहे अजून. तोपर्यंत काकू जाऊन तीन वर्षे झाली होती. शेवटी मी त्यांच्या सूनबाईंना विचारले. त्यांनी मसाल्याच्या कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर काकूंच्या अक्षरात लिहिलेले: 'भाभींचा दोडका'. त्यांच्या माहेरी मोठी विहीर होती. दर दोन वर्षांनी तिथे चार वेल लावून त्या बी नवे करून आणत होत्या, आणि हे काम सासूबाईंनी सांगून ठेवले होते. बी वर आले, तेव्हा अम्माला मी सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "तू पुदिने का बोला था, ये नै बोला था."

आता भिंतीकडे येतो. गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या मुलांनी जुने घर पाडून नवे दुमजली बांधायला घेतले. छातीएवढी भिंत गेली. तिच्या जागी सरळ वर गेलेली, गिलावा केलेली घराची भिंत. मला वाईट वाटले, अम्माला तेवढे वाटले नाही. बाजेवर बसून तिने ऊन मोजले आणि सांगितले, "तीन बजे शाम हो री." उन्हाळ्यात ते बरेच आहे. ज्या पश्चिमेच्या उन्हासाठी वेलाची आडोशी करत होतो, ते आता आपोआप अडते. नुकसान हिवाळ्यात होईल, ते हिवाळ्यात बघू. बांधकामाचा सिमेंट-चुन्याचा राडा वाफ्याच्या कडेला पडला होता, तो मी पाट्या भरून काढला. तो मातीत मिसळला तर माती आणखी चुनखडीची होते, आणि आमची मुळातच तशी आहे.

प्रश्न दोडक्याचा आहे. नवी भिंत गुळगुळीत. तिला वेल धरणार नाही. परसात चार बांबू रोवून स्वतंत्र मांडव घालता येईल, पण त्यात बागेचा तिसरा हिस्सा जातो आणि खालच्या वाफ्यांचे ऊनही. नाहीतर त्या भिंतीत चार हुक बसवून, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून तारा ताणायच्या. पण ती आता कुंपणाची भिंत राहिलेली नाही, त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत आहे. रंगाचा खर्च त्यांनी केलेला आहे. पंधरा दिवस झाले, मी विचारायला जाणे टाळतो आहे. भिंतीवरून विचारायची सोय गेली, आणि मधल्या काळात दोन्ही घरांतली माणसेही बदलली. ते 'नाही' म्हणाले तर, ही एक भीती. तोंडदेखले 'हो' म्हणाले तर, ही दुसरी.

अम्माने मला कागद करायला सांगितले आहे. हुक किती, किती उंचीवर, वेल भिंतीपासून किती दूर राहील, पाणी भिंतीच्या पायाशी मुरणार नाही म्हणून आळे किती फुटांवर, आषाढात तारा कधी काढून नेणार आणि भोके बुजवून कोण देणार, हे सगळे तिने सांगितले आणि मी लिहून घेतले. शेवटी एक ओळ तिने स्वतःहून घालायला लावली: पलीकडे, त्यांच्या गच्चीकडे जाणारे दोडके त्यांचे.

कागद आता माझ्या खिशात आहे. हे ध्वनिमुद्रण आटोपून संध्याकाळी घरी पोचलो की जायचे आहे, रस्त्याने, पुढच्या दाराने. उद्यावर ढकलता येणार नाही. दोडक्याचे बी काल रात्री अम्माने मला न विचारता भिजत घातले आहे.